शहराचा साठवण तलाव: किती मोठा, किती खोल आणि किती वर्षांसाठी

प्रश्न एका नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा विभागात नव्याने रुजू झालेल्या अभियंत्याचा आहे. परिस्थिती थोडक्यात अशी: गोदावरी खोऱ्यातलं शहर, लोकसंख्या आज दीड लाखाच्या घरात. उद्भव, म्हणजे पाणी घेण्याचं मूळ ठिकाण, पाटबंधारे खात्याचा कालवा. आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, सुटलं की जुन्या लहान तलावांत पाणी भरून घ्यायचं आणि पुढच्या आवर्तनापर्यंत ते पुरवायचं. उन्हाळ्यात नळाला सहा-सात दिवसांनी पाणी येतं. आता कालव्यालगत २२ हेक्टर जागा मिळाली आहे आणि सभागृहात "तीस वर्षांची चिंता मिटली" असं बोललं जातंय. ते विचारतात, खरंच मिटेल का? आणि तलाव बांधताना नेमकं कुठे लक्ष द्यायचं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. मिटणार नाही. तरीही तलाव बांधा, पण त्याच्या शेजारची आणखी तेवढीच जागा आजच आरक्षित करून घ्या. असं का म्हणतो, ते आकड्यांनीच सांगतो.

तलाव किती कोटी लिटरचा, असं सगळे विचारतात. तुम्ही तो किती दिवसांचा आहे हे विचारा. दरडोई रोज १३५ लिटर ही भुयारी गटार असलेल्या शहरासाठी धरायची मागणी. दीड लाख लोकांना ती २.०३ कोटी लिटर होते. वितरणातली १५ टक्के गळती धरली की उद्भवातून रोज साधारण २.४ कोटी लिटर उचलावे लागतात, म्हणजे २४ एमएलडी (दिवसाला दशलक्ष लिटर) किंवा २४,००० घनमीटर. शहर अडीच लाखांवर गेलं की हाच आकडा ४०,००० घनमीटर होतो.

आता जागा. २२ हेक्टरचा चौरस धरला तर बाजू सुमारे ४६९ मीटर. बांधाचा माथा, बाहेरचा उतार आणि मुक्तांतर (पाण्याच्या पूर्ण पातळीपासून माथ्यापर्यंतची मोकळी उंची) यात प्रत्येक बाजूने वीस-बावीस मीटर जातात. पूर्ण संचय पातळीला पाण्याचा पृष्ठभाग उरतो १८ हेक्टर. आतला उतार १:३ आणि पाण्याची खोली ९ मीटर घेतली, तर तळ साडेतेरा-चौदा हेक्टरचा होतो आणि एकूण साठा सुमारे १४ लाख घनमीटर. तळाचं अर्धा मीटर पाणी गाळाचं, ते पंपाला लावायचं नाही. उपयुक्त साठा साडेतेरा लाख घनमीटर. उन्हाळ्यात बाष्पीभवन दिवसाला ८ मिलिमीटर धरा; १८ हेक्टरवर ते रोजचे १,४४० घनमीटर होतात. म्हणजे आजच्या लोकसंख्येला हा तलाव ५३ दिवस पुरेल आणि अडीच लाखांना ३२ दिवस. सभागृहात हेच दोन आकडे सांगा. कोटी लिटर ऐकून कुणाला अंदाज येत नाही, दिवस ऐकले की लगेच येतो.

५३ दिवस पुरेसे आहेत की नाही, हे ठरतं दोन आवर्तनांमधल्या सर्वांत मोठ्या अंतरावर. सरासरी अंतर इथे कामाचं नाही. पाटबंधारे उपविभागात जा आणि गेल्या तीस वर्षांत प्रत्येक आवर्तन कालव्यात कधी सुटलं, तुमच्या विमोचकापाशी (पाणी काढून घेण्याच्या तोंडापाशी) कधी पोहोचलं आणि कधी बंद झालं, त्या तारखा मागा. कालवा सल्लागार समितीत ठरलेला कार्यक्रम मागू नका, प्रत्यक्ष झालेलं मागा. दुष्काळी वर्षांत दोन आवर्तनांचं एक झालेलं दिसेल, कालवा फुटून दुरुस्तीत गेलेले दिवस दिसतील. पिण्याच्या योजनेला ९५ टक्के विश्वासार्हता (शंभरातल्या ९५ वर्षी पाणी पुरेल अशी) धरतात आणि सिंचनाला ७५ टक्के, हा फरक तुमच्या बाबतीत फार महत्त्वाचा आहे. कारण तुमचं पाणी सिंचनासाठी आखलेल्या कालव्यातून येतं, आणि त्या कालव्याचं वाईट वर्ष तुमच्या वर्षापेक्षा लवकर उगवतं.

या तारखा हाती आल्या की आठवड्याआठवड्याचा जमाखर्च मांडा. एका रकान्यात आलेलं पाणी, दुसऱ्यात शहराला दिलेलं, तिसऱ्यात बाष्पीभवन, चौथ्यात पाझर, पाचव्यात शिल्लक. तीस वर्षं ओळीने चालवा, वर्ष बदललं म्हणून शिल्लक पुन्हा भरलेली धरू नका. ज्या आठवड्यात शिल्लक शून्याखाली जाते, तो आठवडा तुमच्या तलावाचा आकार ठरवतो. समजा सर्वांत मोठं अंतर ७५ दिवसांचं निघालं. आज तुम्हाला १९ लाख घनमीटर हवेत आणि अडीच लाख लोकसंख्येला सुमारे ३२ लाख. २२ हेक्टरचे असे दोन तलावही २७ लाखांवर थांबतात. उरलेलं पाणी दुसऱ्या उद्भवातून किंवा जास्त खोल तलावातून आणावं लागेल.

लोकसंख्येच्या अंदाजाबद्दल एवढंच सांगतो: गणितश्रेणी, भूमितीश्रेणी, वाढीव वृद्धी अशा सगळ्या पद्धती मांडा, पण शेवटची पूर्ण झालेली जनगणना २०११ ची आहे हे विसरू नका. वीजजोडण्या आणि मतदारयादी यांच्याशी आकडा ताडून बघा. आणि हद्दवाढीचा प्रस्ताव कुठल्या टप्प्यावर आहे ते नगररचना विभागाला विचारा. एका अधिसूचनेने दहा गावं आत येतात आणि तुमचा आलेख त्या दिवशी मोडतो.

त्याहून जास्त दुर्लक्षित बाब वेगळीच आहे. आज तुम्ही सहा दिवसांनी पाणी देता. लोक टाक्या भरून काटकसरीने राहतात. तलाव झाल्यावर रोज पाणी द्यायला लागलात की वापर एकदम उसळी घेतो, आणि गळती त्याहून जास्त. आठवड्यातून दोन तास दाबाखाली राहणारी जुनी नळवाहिनी आता रोज दाबाखाली राहणार. जेवढे तास दाब, तेवढे तास गळती. १५ टक्के गळती हा संकल्पनातला, म्हणजे आराखडा करताना धरायचा, आकडा झाला. आपल्याकडच्या जुन्या वितरण व्यवस्थेत त्याच्या दुप्पट-अडीचपट गळती सहज निघते. ४० टक्के गळती असेल तर आजचीच मागणी २४ ऐवजी ३४ एमएलडी होते आणि ५३ दिवसांचे ३८ दिवस होतात. म्हणून तलावाच्या अंदाजपत्रकातच मोठे जलमापक आणि झोनबंदी (वितरणाचे वेगळे मोजता येतील असे भाग पाडणं) बसवा. तलावाचे १५ दिवस वाढवण्याचा यापेक्षा स्वस्त मार्ग मला माहीत नाही.

वाढत्या शहराला एक जलाशय पुरत नाही, हे मुंबईच्या पाण्याचा इतिहास स्वच्छ दाखवतो. विहार १८६० मध्ये पूर्ण झाला. मग १८७९ मध्ये तुळशी, १८९२ मध्ये तानसा. तानसाच्या वेळी धरणाचा पाया पुढच्या जास्त उंचीच्या हिशोबाने घेतला होता आणि नंतर धरण टप्प्याटप्प्याने उंच केलं गेलं. मला हा निर्णय आजही मोठा वाटतो. ज्यांनी जाडी वाढवण्याचा खर्च तेव्हा सोसला, त्यांना त्या वाढीव पाण्याचा थेंबही मिळणार नव्हता. पुढे १९५७ मध्ये वैतरणेवर मोडकसागर, १९७३ मध्ये त्याच नदीवर ऊर्ध्व वैतरणा, मग भातसा, आणि २०१४ मध्ये त्या दोन वैतरणांच्या मधोमध मध्य वैतरणा, १०२ मीटर उंचीचं रोलरने दाबलेल्या काँक्रीटचं धरण. एका नदीवर तीन धरणं.

एवढं करून मुंबईचे सातही तलाव काठोकाठ भरले तर साठा १४,४७,३६३ दशलक्ष लिटर. रोजचा पुरवठा ३,९५० दशलक्ष लिटरच्या आसपास. भागून बघा, बरोबर ३६६ दिवस येतात. म्हणजे देशातलं सर्वांत श्रीमंत शहर एका पावसाळ्यावर एक वर्ष काढतं आणि पुढच्या वर्षासाठी हातात काही राहत नाही. म्हणून जूनमध्ये पाऊस दोन आठवडे लांबला की तिथे पाणीकपात जाहीर होते. शिवाय विहार आणि तुळशी हे दोन लहान तलाव सोडले तर सगळी पाणलोट क्षेत्रं पश्चिम घाटाच्या एकाच पट्ट्यात, त्यामुळे एक तलाव रिता तेव्हा बहुधा बाकीचेही रिते.

एकाच उद्भवावर शहर टांगलं की काय होतं ते लातूरने २०१६ मध्ये सोसलं. मांजरा धरण आटलं आणि त्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून पाणी न्यावं लागलं. सुरुवातीच्या खेपेला दहा वाघिणी, म्हणजे सुमारे पाच लाख लिटर. नंतर पन्नास वाघिणींच्या गाड्या, खेपेला पंचवीस लाख. ज्यांनी ती गाडी चालवली त्यांचं काम मोठंच होतं, पण पंचवीस लाख लिटर म्हणजे तुमच्या शहराच्या एका दिवसाच्या गरजेचा दहावा हिस्सा. धरण मोठं असून उपयोग झाला नाही, कारण सलग वाईट वर्षांत ते भरलंच नाही. तुमच्या साठवण तलावालाही कालवा आटला तर हेच होईल. त्यामुळे दुसरा उद्भव शोधताना तो शक्यतो वेगळ्या खोऱ्यातला किंवा किमान वेगळ्या धरणातला असावा. तोवर जुन्या विहिरी आणि विंधनविहिरी बुजवू देऊ नका.

आता बांधकाम. ९ मीटर खोलीसाठी सगळा बांध जमिनीवर घ्यायचा नाही. साधारण पाच मीटर जमिनीत आणि पाच मीटर भराव, त्यात मुक्तांतर आलं. या मापाने खोदकाम सात लाख घनमीटरच्या आसपास निघतं आणि बांधाला लागतात जेमतेम दीड-पावणेदोन लाख. उरलेले पाच लाख घनमीटर माती, मुरूम आणि दगड जाणार कुठे? हा प्रश्न निविदेआधी सोडवा. जवळपास महामार्गाचं किंवा रेल्वेचं भरावाचं काम सुरू असेल तर ते लोक मुरूम नेतील, कदाचित खोदकामही करून देतील. गौण खनिजाची परवानगी आणि स्वामित्वधन मात्र आधी लेखी ठरवून घ्या. नाहीतर तलावाभोवती डोंगर उभे राहतात आणि पहिल्या पावसात ती माती शेतकऱ्यांच्या वावरात जाते.

खोदण्याआधी चाचणी छिद्रं भरपूर घ्या. दख्खनच्या काळ्या पाषाणात पाच मीटरवर काय लागेल, हे शंभर मीटर पलीकडच्या छिद्रावरून सांगता येत नाही. दोन लाव्हाथरांच्या मधला तांबडा बोल दिसला तर तिथे थांबून विचार करा. कोरडा असताना तो घट्ट दिसतो, पाणी लागलं की फुटतो. वरच्या काळ्या मातीखाली बऱ्याच ठिकाणी चुनखडीचा थर असतो, त्यातून पाणी सुरेख वाट काढतं. काळी माती गाभ्यात वापरायची तर मुरमाच्या कवचाखालीच. उघडी ठेवली तर उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मातीच्या चाचण्या नाशिकच्या मेरीकडून (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था) करून घ्या. ठेकेदाराच्या प्रयोगशाळेतला कागद त्याला पर्याय नाही.

अस्तर लागेल का? मुरमाड जमिनीत लागेलच. दिवसाला २० मिलिमीटर पाझर म्हणजे १८ हेक्टरवर ३,६०० घनमीटर. बाष्पीभवनाच्या अडीचपट पाणी जमिनीत जाईल आणि शेजारच्या शेतांचं चिबड होईल ते वेगळंच. त्यामुळे एचडीपीई कागदाचं, म्हणजे जाड प्लास्टिकच्या पत्र्याचं, अस्तर. इथे दर्जा सांभाळायचा तो सांध्यावर. गरम पाचरीने केलेल्या दुहेरी सांध्यात मधे एक पोकळ वाट राहते. तिची दोन्ही टोकं बंद करून सुईने हवा भरायची आणि दाबमापकावरचा काटा ठरलेली मिनिटं पडत नाही ना, ते बघत उभं राहायचं. प्रत्येक सांध्याला क्रमांक, वेळ, दाब आणि सही. कोपऱ्यांत, नळाभोवती, ठिगळांवर ही चाचणी चालत नाही. तिथे साबणाचं पाणी लावून निर्वात पेटी ठेवायची आणि बुडबुडे बघायचे. कागद सकाळी लवकर अंथरा. भर दुपारी तो उन्हाने वाढलेला असतो, रात्री आकसतो आणि कोपऱ्यात तळापासून उचलला जातो. अणकुचीदार खडीवर कागद थेट टाकू नका, खाली चाळलेली माती आणि भूवस्त्र हवं.

अस्तराखाली निचऱ्याचे चर आणि छिद्रांचे नळ घालून ते एका विहिरीत काढा. ही बाब खर्च वाचवायला पहिली कापली जाते. पावसाळ्यात भूजल वर येतं. त्या वेळी तलाव रिकामा असेल तर खालचं पाणी अख्खा कागद फुग्यासारखा उचलतं. निचऱ्याची विहीर हे पाणी काढून घेते, आणि एरवी तिच्यात रोज किती पाणी जमतं यावरून अस्तर कुठे फाटलं आहे का हेही कळतं.

बांधातून आरपार जाणारा नळ ही सगळ्या मातीकामातली सर्वांत धोक्याची जागा. मी कुठलाही तलाव बघायला गेलो की आधी तिथे जातो. कारण साधं आहे: बाकी बांधावर वीस-पंचवीस सेंटिमीटरचे थर टाकून रोलर फिरतो, नळाशेजारी रोलर पोहोचत नाही. तिथे माती हाताच्या ठोक्याने दाबली जाते, संध्याकाळी, घाईत, आणि नेमकी तीच माती नळाच्या अंगावर सैल राहते. पाणी त्या फटीतून बारीक धारेने येतं, मग मातीचे कण घेऊन येतं, आणि मग वेळ उरत नाही. म्हणून नळ सैलसर मातीत गाडायचा नाही. खाली पक्क्या जमिनीत किंवा खडकात चर घेऊन तो काँक्रीटमध्ये बसवा, काँक्रीटच्या बाजू सरळ उभ्या न ठेवता किंचित कलत्या ठेवा, म्हणजे रोलरच्या दाबाने माती तिच्यावर चेपली जाते. शेजारची माती ओलाव्याने किंचित जास्तच ठेवा. पूर्वी नळाला अधूनमधून काँक्रीटच्या कॉलर घालायचे. त्यांच्या कोपऱ्यांत दाब आणखीच कमी बसतो. त्यापेक्षा नळाच्या बाहेरच्या तिसऱ्या भागात चारही बाजूंनी वाळूचा गाळणथर द्या. पाणी आलंच तर येऊ द्या, माती बाहेर येता कामा नये. आणि झडप पाण्याच्या बाजूला, पाणी घेण्याच्या मनोऱ्यात. फक्त बाहेरच्या टोकाला झडप असेल तर बांधाच्या पोटातला नळ कायम पूर्ण दाबाखाली राहतो.

तलाव भरायचा विमोचक लहान ठेवण्याचं दुखणं सार्वत्रिक आहे. तुमच्याकडे आवर्तनाचे प्रत्यक्ष बारा दिवस मिळतात असं धरा. साडेतेरा लाख घनमीटर भरायचे, शिवाय त्या बारा दिवसांचा शहराचा वापर सुमारे २.९ लाख. दिवसाला १.३७ लाख घनमीटर, म्हणजे ५६ क्युसेक (सेकंदाला घनफूट). तुमची आजची नळी त्याच्या पासंगाला पुरणार नाही. एवढं पाणी त्या ठिकाणी कालव्यात असतं का, हेही पाटबंधारे खात्याकडून लेखी घ्या. वरचा भाग पंपाने भरावा लागला आणि पाणी आठ मीटर उचलायचं असेल, तर त्या प्रवाहाला १८० किलोवॅट लागतात. वीजबिल योजनेच्या चालू खर्चात आजच दाखवा. शिवाय आरक्षण धरणावर मोजलं जातं की तुमच्या दारात? कालव्यातला वहनव्यय, म्हणजे वाटेत मुरणारं आणि उडून जाणारं पाणी, कुणाच्या खात्यात, ते करारनाम्यात स्पष्ट असू द्या.

पाटाचं पाणी म्हणून सांडवा नको, असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. रात्री दोन वाजता गेट बंद करायला माणूस नसेल किंवा गेट अडकलं, तर ५६ क्युसेक बांधावरून जातील. भरणाऱ्या प्रवाहाएवढा सांडवा आणि त्याचं पाणी सुरक्षित नाल्यापर्यंत नेणारा पक्का चर हवाच.

पाण्याची प्रत साठवणीत बिघडते, हे नव्या अभियंत्यांना कुणी सांगत नाही. कालव्याच्या पाण्यात शेतातली खतं उतरलेली असतात. महिनाभर उन्हात उभं राहिलं की शेवाळ धरतं आणि शुद्धीकरण केंद्राचे वाळूचे थर बुजतात. मे महिन्यात तळाच्या पाण्यात प्राणवायू राहत नाही, त्याला कुबट वास येतो. म्हणून पाणी घेण्याच्या मनोऱ्याला तीन वेगवेगळ्या पातळ्यांवर झडपा ठेवा, आणि पाणी येण्याची व जाण्याची तोंडं समोरासमोरच्या कोपऱ्यांत. मधे आडवा बांध घालून तलावाचे दोन कप्पे करा. थोडा साठा जातो, पण एक कप्पा चालू ठेवून दुसरा साफ करता येतो. मुंबईत मलबार हिलवर हँगिंग गार्डनखाली एकोणिसाव्या शतकातला जलाशय आहे. तो पाडून नवा बांधायचा की दुरुस्त करायचा असा वाद झाला, तेव्हा डिसेंबर २०२३ मध्ये तज्ज्ञांनी आत उतरून पाहणी केली. दक्षिण मुंबईचा पुरवठा सुरू ठेवून हे जमलं ते कप्प्यांमुळेच.

जागेबद्दल पुन्हा. आणखी २२ हेक्टर आज घ्या, विकास आराखड्यात आरक्षण टाका आणि पहिल्या तलावाच्या मनोऱ्यातून दुसऱ्यासाठी झडप लावलेलं तोंड काढून ठेवा. बांधकाम पंधरा वर्षांनी करा. धरणाच्या साठ्याचा संकल्पन काळ ५० वर्षं, जलवाहिनीचा ३०, पंप आणि यंत्रांचा १५ वर्षं धरतात तो याच विचाराने. यंत्र बदलता येतं, जमीन नंतर मिळत नाही. शहर त्या बाजूला वाढलं की दर असे होतात की कुठलीच नगरपरिषद पुरी पडत नाही.

ज्यांची जमीन जाते त्यांना पाणी द्या. शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा आहेत, वैतरणा शेजारी आहे, मुंबईचं पाणी तिथून जातं, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर लागतात. हे आपल्या व्यवसायाला शोभणारं नाही. तुमच्या तलावाशेजारच्या वस्तीला पहिल्या दिवसापासून शुद्ध पाण्याची जोडणी अंदाजपत्रकातच धरा, नंतरच्या सौजन्यावर सोडू नका. पुढे त्याच वस्तीतला माणूस बांध ओला दिसला की तुम्हाला फोन करणार आहे. रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं. गळती होतेय हे खालच्या गावकऱ्यांनी आधी कळवलेलं होतं. नंतर खेकड्यांवर खापर फोडलं गेलं. खेकडे बांध पोखरतात हे खरं, म्हणूनच तर बांधाची पाहणी करायची असते.

शेवटी पहिला भरणा. उद्घाटनाची तारीख ठरलेली असते आणि तलाव काठोकाठ दिसावा असा आग्रह धरला जातो. तुम्ही लेखी विरोध करा. पानशेतचं उदाहरण द्या: काम पूर्ण नसताना १९६१ च्या पावसाळ्यात धरणात साठा झाला, विमोचकावरचा भराव खचत गेला, जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, आणि १२ जुलैला धरण गेलं. त्याच्या लोंढ्याने खालचं खडकवासलाही गेलं आणि पुणे बुडालं. तुमचा तलाव लहान आहे, पण १४ लाख घनमीटर पाणी एका वस्तीला पुरेसं आहे.

पहिल्या आवर्तनात तीन मीटरपर्यंत भरा आणि किमान आठवडाभर थांबा. रोज सकाळी ठरल्या वेळी निचऱ्याच्या विहिरीतलं पाणी मोजा, बांधाच्या बाहेरच्या पायथ्याने एक फेरी मारा, नळाच्या बाहेरच्या तोंडाशी थांबा. माथ्यावरच्या खुणांची पातळी घ्या. पाणी झिरपत असेल तर काचेच्या बाटलीत धरून उजेडात बघा. स्वच्छ असेल तर मोजत राहा, कालच्यापेक्षा वाढतंय का ते पाहा. गढूळ असेल तर कुणाच्या परवानगीची वाट न बघता पातळी उतरवायला घ्या. तो अधिकार पाहणी करणाऱ्या अभियंत्याला आहे, असा ठराव भरण्याआधीच करून घ्या. सगळं ठीक असेल तर दुसऱ्या आवर्तनात सहा मीटर आणि पूर्ण पातळी त्यानंतर. तळातून पाणी सोडून तलाव किती दिवसांत रिकामा होतो हे एकदा प्रत्यक्ष करून बघा, आणि ते पाणी ज्या नाल्यातून जाईल त्याच्या काठच्या घरांची यादी तलाठ्याकडून आधी घेऊन ठेवा.